खालून पहिली रेघ

आईला पोळ्यांची कणीक मळायला ब्रेडमेकर हवा होता, म्हणून आमच्या घरात चिनी भविष्य आलं. यात गूढ काही नाही. न्यूझीलंडमधल्या पापाकुरात आमच्या रस्त्याच्या टोकाला एका बाईंनी घरातल्या जुन्या सामानाचा गराज सेल लावला होता. तिथे आईला एक पांढरा, धष्टपुष्ट ब्रेडमेकर मिळाला. घरी आणून तिने मॅन्युअलसाठी खोक्यात हात घातला, तर हाताला लागलं एक जाडजूड, पिवळट पुस्तक. मॅन्युअल नव्हतंच. पुस्तकात सहा-सहा आडव्या रेघांच्या आकृत्या होत्या, काही रेघा अखंड, काही मधे तुटलेल्या. प्रत्येक आकृतीखाली इंग्रजीत असं काही लिहिलेलं, की एकदा वाचलं तर अर्थ लागला असं वाटावं आणि दुसऱ्यांदा वाचलं तर तो निसटावा. आईने ते बाजूला ठेवलं आणि बाबांनी उचललं. माझी आई कुठलीही वस्तू वापरण्याआधी तिच्यासोबतचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते, तापाच्या गोळ्यांचासुद्धा. बाबांनी जन्मात मॅन्युअल उघडलेलं नाही. पिंपरीच्या कारखान्यात पंप आणि बॉयलर खोलून पुन्हा जोडण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला वाचायची गरज नसते असं त्यांचं मत. हा फरक पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. बाबा इंजिनीअर म्हणून न्यूझीलंडला आले आणि एका कोल्ड स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवायला लागले, कारण जिथे जावं तिथे इथल्या कामाचा अनुभव विचारत आणि तो मिळायला आधी इथे काम मिळावं लागतं. दिवसभर गोठवलेल्या मटणाच्या खोक्यांमधून फिरून ते घरी येत, तेव्हा कानटोपी काढायचं विसरून तसेच चहा प्यायला बसत. कुरकुर कधी केली नाही. फक्त हळूहळू त्यांनी कशाचाही निर्णय घेणं सोडून दिलं, आधी मोठ्या गोष्टींचा, मग लहान. सुपरमार्केटमध्ये दोन टूथपेस्ट समोर आल्या की ते आईकडे बघत. आई म्हणे, "लाल घ्या," आणि ते सुटल्यासारखे लाल घेत. अशा माणसाच्या हाती प्रश्नांची उत्तरं देणारं पुस्तक पडलं, तेव्हा काय होणार हे सांगायला कुठलंही भविष्य नको होतं.

पद्धत अशी होती. मनात प्रश्न धरायचा आणि तीन नाणी सहा वेळा टाकायची. प्रत्येक वेळी एक रेघ. सरकारने नुकतीच जुनी मोठी नाणी बंद करून नवी लहान काढली होती, तेव्हा बाबांनी वीस सेंटची तीन जुनी नाणी यासाठी राखून ठेवली. राणीचा चेहरा वर आला तर तीन, मागची बाजू आली तर दोन. बेरीज सात आली तर अखंड रेघ, आठ आली तर तुटकी. पण तिन्ही राण्या एकदम आल्या, म्हणजे नऊ झाले, तर ती अखंड रेघ इतकी भरलेली समजायची की ती आता तुटणार. आणि एकही राणी आली नाही, सहा झाले, तर तुटकी रेघ जुळणार. या बदलत्या रेघा. त्या बदलून लिहिल्या की पहिल्या आकृतीतून दुसरी निघते. पहिली म्हणजे आत्ता काय आहे, दुसरी म्हणजे गोष्ट कुठे चालली आहे. सगळा अर्थ त्या बदलत्या रेघांमध्ये. बाबांना हे फारच पटलं.

"हे ज्योतिष नाही हं," ते म्हणाले. "हे प्लान्टसारखं आहे. कुठला व्हॉल्व्ह उघडायच्या बेतात आहे ते आधी कळतं."

"जी नाणी डेअरीवाला घेत नाही," आई म्हणाली, "ती तुम्हाला काय सांगणार?" डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान.

नाणी कार्पेटवर घरंगळतात म्हणून बाबा ती ओव्हनच्या ट्रेमध्ये टाकत. त्या आवाजाची आजही मला आठवण झाली की दात शिवशिवतात. एकीकडे ब्रेडमेकर कणीक घुसळत घरघरतो आहे, दुसरीकडे दर मिनिटाला ट्रेमध्ये खणण्, आणि मधे मी केमिस्ट्रीचा अभ्यास करते आहे. आमचं घर जोडघर होतं, मधली भिंत पत्र्याच्या डब्याइतकी जाड. पलीकडे डोरीन राहायच्या. सत्तरीच्या, चिनी वंशाच्या, ठेंगण्या आणि ताठ. आजोबांपासून त्यांच्या घरची पुकेकोहेला कांद्या-बटाट्याची शेती होती आणि ती विकून त्या इथे आल्या होत्या. त्यांनी एकदा कुंपणावरून आईला विचारलं, "तुमची ती घंटा रोज वाजते, कुठल्या देवाची?" आई म्हणाली, "वीस सेंटच्या." डोरीननी समजल्यासारखी मान हलवली.

हळूहळू घर त्या आकृत्यांवर चालायला लागलं. तपकिरी व्हॅन घ्यावी का, यावर उत्तर आलं 'वाढ'. व्हॅन घेतली आणि ती कधी बंद पडली नाही. मग पेपरात हॅमिल्टनजवळच्या एका दूध पावडरच्या कारखान्याची जाहिरात आली, मेन्टेनन्स इंजिनीअर हवा. असे अर्ज करून करून बाबांनी हात टेकले होते. त्यांनी ट्रे काढला. उत्तर आलं 'देग', म्हणजे आगीवर ठेवलेलं मोठं भांडं. बाबा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा तर बॉयलर आहे." अर्ज गेला. मुलाखतीला बोलावणं आलं. तिथे बाबांनी म्हणे एका पंपाचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेल्याचं सांगितलं. पंधरवड्यात नोकरीचं पत्र आलं. खरी, इंजिनीअरची नोकरी. ऑफिसमधल्या ट्रेसी नावाच्या बाई शुक्रवारी संध्याकाळी पाचला फोन करणार होत्या. तोवर हो किंवा नाही सांगायचं होतं. नाही म्हटलं तर यादीत पुढचा माणूस तयार होता.

कुणालाही वाटेल की यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मलाही तेव्हा तसंच वाटे आणि मी बाबांवर मनातून चिडलेली असे. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आले आहे, चिडायला तितकी घाई करत नाही. चार वर्षं ज्याला सगळ्यांनी नाही म्हटलं, त्याला अचानक कुणी हो म्हटलं की त्याला आधी शंकाच येते. नोकरीसाठी घर हॅमिल्टनला हलवावं लागणार होतं आणि तिथे प्रोबेशन होतं. जमलं नाही म्हणून काढून टाकलं तर फोर्कलिफ्टही गेलेली. फोर्कलिफ्टवर कुणी कधी म्हणणार नव्हतं की तुम्हाला काम येत नाही. पण बाबा हे बोलत नसत. ते म्हणत, "अश्विनीच्या शाळेचं काय? शेवटच्या वर्षात पोरीला उपटून न्यायची का?" माझं नाव अश्विनी, आणि त्या आठवड्यात मी घरातली सगळ्यात सोयीची अडचण होते.

मग बाबांनी प्रश्न टाकला: नोकरी घेऊ का? पहिल्या तीन रेघा अखंड आल्या, त्यातली तिसरी नऊची, म्हणजे बदलती. पुढच्या तीन तुटक्या. पुस्तकात बघितलं तर वर तीन अखंड आणि खाली तीन तुटक्या असलेल्या आकृतीचं नाव होतं 'अडून राहणं'. आभाळ वर जातंय, जमीन खाली जातेय, दोघांची भेट नाही. बदलती रेघ बदलली, तर दुसरी आकृती निघाली 'पाहत राहणं'. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा चेहरा पडला, पण मी नीट बघत होते, खांदे सैल झाले.

"अडलंय आणि नुसतं बघत बसायचंय," ते म्हणाले. "स्पष्ट आहे."

"त्याला कोल्ड स्टोअर म्हणतात," आई म्हणाली. "ते सांगायला चीनहून कुणी यायला नको."

शुक्रवारी बाबांना सुट्टी होती. मी शाळेतून आले तेव्हा ते फोनशेजारच्या खुर्चीत बसले होते, नाही कसं म्हणायचं त्याची इंग्रजीत उजळणी करत. "आय ॲम व्हेरी ग्रेटफुल, बट." 'बट'पाशी ते दर वेळी थांबत. स्वयंपाकघरात ब्रेडमेकर घरघरत होता आणि आई ओट्याला टेकून ते पिवळट पुस्तक वाचत होती. ही तिची कित्येक दिवसांची सवय होती. कणीक मळून होईपर्यंत दुसरं काही करता येत नाही, आणि आपल्या घरात आलेली वस्तू वाचून संपवली नाही तर तिला चैन पडत नाही. रोज थोडी थोडी करत, कंटाळवाणी प्रस्तावना ओलांडून ती त्या दिवशी 'आकृती कशी काढावी' या पानावर पोचली होती. मशीन पीं पीं करून थांबलं. आई पुस्तकात बोट घालून बाहेर आली.

"अहो, तुम्ही पहिली रेघ कुठे काढता?"

"कुठे म्हणजे? वर. मग त्याखाली दुसरी."

"यात लिहिलंय, खाली काढायची. मग त्याच्यावर दुसरी. भिंत बांधतात तशी खालून वर जायचं."

बाबा हसले. "काहीतरीच. खालून वर कोण लिहितं?"

"ज्यांचं पुस्तक आहे ते," आई म्हणाली.

मी पुस्तक हातात घेतलं. तिथे चित्रच काढलेलं होतं, शेंबड्या पोराला कळावं असं. खालच्या रेघेला एक आकडा, वरच्या रेघेला सहा. म्हणजे आमचं घर इतके महिने उलट्या आकृत्यांवर चाललं होतं. मी नोकरीच्या प्रश्नाचा कागद घेतला आणि फिरवून धरला. तीन अखंड खाली, तीन तुटक्या वर. पान उघडलं. 'शांतता'. जमीन वरून खाली येतेय, आभाळ खालून वर जातंय, मधे दोघांची भेट. बदलती रेघ बदलली, तर दुसरी आकृती: 'जवळ जाणं'.

"म्हणजे घ्या नोकरी," मी म्हणाले. "चला, सुटलो."

मला वाटलं संपलं. सतराव्या वर्षी माणसाला वाटतं की चूक सापडली की उत्तरही सापडतं. बाबा उठून येरझाऱ्या घालायला लागले. सुट्टी असूनही कानटोपी घातलेलीच होती.

"थांब. व्हॅनला 'वाढ' आली होती ना? मग ती खरी 'घट' होती. तरी व्हॅन उत्तम निघाली. 'देग' आली म्हणून अर्ज केला. तीही देग नव्हतीच. तरी मुलाखत आली. म्हणजे उलटी पद्धत दोनदा बरोबर आली. सुलट पद्धत अजून एकदाही वापरून बघितलेली नाही. चालू प्लान्टची सिस्टीम कुणी असल्या दिवशी बदलतं का?"

"अहो, तुम्ही चुकीचं वाचत होता," आई म्हणाली.

"पण सातत्याने."

आईने पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग ती म्हणाली, "आणि इकडे यायचं ठरवलं तेव्हा कुठल्या बाजूने वाचलं होतं?"

"तेव्हा तू म्हणालीस म्हणून आलो."

"मग आताही मीच म्हणतेय."

"आता तू म्हणू नकोस," बाबा म्हणाले, आणि हे मात्र ते जरा वेगळ्या आवाजात म्हणाले. आई तवा तापत टाकायला आत गेली.

बाबांनी मग ठरवलं की जाणकाराला विचारायचं. जाणकार म्हणजे डोरीन. मी म्हटलं, त्या चिनी आहेत म्हणून त्यांना येणारच असं कसं? बाबा म्हणाले, कानावर तर पडलं असेल. मी डोरीनना बोलावून आणलं. त्या हाताला लागलेली माती पुसत आल्या. बाबांनी त्यांना मानाने खुर्ची दिली, ट्रे, नाणी आणि दोन्ही बाजूंनी धरून दाखवलेला कागद त्यांच्यापुढे मांडला आणि अतिशय अदबीने विचारलं, "डोरीन, तुमच्या परंपरेत खालून सुरुवात करतात का?" त्या इंग्रजीत बोलत आणि इथल्या सगळ्यांसारखं बाबांना नुसतं 'श्री' म्हणत; मी मराठीत लिहिते आहे.

डोरीननी कागदाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. "आमच्या परंपरेत?" त्या म्हणाल्या. "आमच्यात कांदे खालून उपटतात. बाकी श्री, मी मेथॉडिस्ट आहे. दर रविवारी तुमच्या खिडकीवरूनच चर्चला जाते."

बाबांचे कान लाल झाले. डोरीन मात्र उठल्या नाहीत. त्यांनी जरा पुढे सरकून आवाज खाली आणला. "मला वाटायचं, हे सगळं तुमच्याकडचं आहे. मी कधीची विचारेन म्हणत होते." आणि त्यांनी आत जाऊन आपला उजवा तळहात आईपुढे धरला. "माझ्या खुब्याचं ऑपरेशन करू का?"

आईला हस्तरेषांतलं ओ की ठो कळत नाही. तिच्या एका हातात उलथनं होतं. तिने दुसऱ्या हाताने डोरीनचा हात धरला, उजेडात नेला, नीट बघितला आणि म्हणाली, "करा. आणि तोवर शिडीवर चढून छपराच्या कडेची गटर साफ करू नका. मी खिडकीतून बघते."

"डॉक्टरही हेच म्हणाला," डोरीन म्हणाल्या. त्या प्रसन्न दिसत होत्या. मग त्यांना आमची भानगड काय ते जाणून घ्यायचं होतं. मी दोन वाक्यांत सांगितली: नोकरी, हॅमिल्टन, पाच वाजता फोन, माझी शाळा. डोरीननी बाबांकडे वळून, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, "ती राहील माझ्याकडे वर्ष संपेपर्यंत. मागची खोली रिकामी आहे. गटर साफ करेल."

मला कुणी विचारलं नाही. माझं आयुष्य त्या मिनिटाला ठरलं आणि ते ठरवणाऱ्या बाईंच्या नखांत माती होती. पुढे मी त्या खोलीत राहिले, गटर साफ केली, परीक्षा चांगली दिली आणि दर रविवारी कोंबडीचा रस्सा आणि चर्चच्या बायकांच्या कुचाळक्या दोन्ही पोटभर मिळाल्या. पण ते नंतर. त्या क्षणी एवढंच झालं की बाबांच्या हातची माझ्या शाळेची सबब गेली. ते एकदम उघडे पडल्यासारखे दिसायला लागले.

"एकदा शेवटचं," ते म्हणाले. "सुलट पद्धतीने."

साडेचार होऊन गेले होते. बाबांनी नाणी टाकली, मी खालून वर रेघा काढल्या, डोरीन कोचावर हात जोडून बसल्या होत्या, कुणाची प्रार्थना चालू असताना पाहुण्याने बसावं तशा. पहिली रेघ अखंड. मग तुटकी, तुटकी, तुटकी, तुटकी. शेवटी वरची अखंड. एकही बदलती नाही. बाबांनी सवयीने कागद उलटा करून बघितला. तीच आकृती. परत सुलट केला. तीच. त्यांनी कागद असा चार-पाचदा फिरवला, रेडिओचं बटण फिरवावं तसा. खालून वाचा, वरून वाचा, आकृती हलायला तयार नव्हती. आणि काही बदलतच नाही म्हटल्यावर बाबांच्या व्हॉल्व्हच्या सिद्धान्तालाही काम उरलं नाही.

"काय नाव आहे?" त्यांनी विचारलं.

मी वाचलं. "जबडा. वरचा ओठ, खालचा ओठ, मधे उघडं तोंड. म्हणतंय की माणूस स्वतःच्या तोंडात काय घालतो ते बघावं."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "थालीपीठ."

तिने कुमराची थालीपिठं लावली होती. कुमरा म्हणजे इथलं रताळं, आणि त्यात तीळ, मिरची, भरपूर कोथिंबीर. ती ताटं घेऊन आली. पहिलं डोरीनना दिलं, दुसरं बाबांना, वर बटरचा गोळा, तो कडेने वितळत चाललेला. "पुस्तकाचं ऐकायचं आहे ना," ती म्हणाली, "मग खा." बाबांनी ट्रे बाजूला सरकवला आणि ताट मांडीवर घेतलं. सकाळपासून त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. त्यांनी मोठा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि फोन वाजला.

पाचला अजून अवकाश होता. ट्रेसीबाईंना बहुतेक शुक्रवारचं लवकर घरी जायचं असावं. बाबांनी तोंड झाकून आईकडे बघितलं. आईने फोन उचलला. "हॅलो. येस. ही इज हिअर. ही इज ईटिंग." आणि तिने रिसीव्हर बाबांच्या कानाला नेऊन लावला आणि तिथेच धरून ठेवला. पलीकडचा आवाज, इथल्या माओरी नमस्कारासकट, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "किया ओरा, श्री! जेवताना त्रास देते, सॉरी. एवढंच विचारायचं होतं, येताय ना आमच्याकडे?"

बाबा चावत होते. आता मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण आमच्या घरात या गोष्टीची वेगवेगळी रूपं सांगितली जातात. बाबा हॅमिल्टनमधल्या रोटोटुनाच्या घरी पाहुण्यांना सांगतात की तोंडात गरम घास असल्यामुळे त्यांना बोलताच आलं नाही आणि जे झालं ते पुस्तकाने घडवलं. मी समोर बसले होते. तो घास तेवढा मोठा नव्हता. गिळून 'बट' म्हणायला भरपूर वेळ होता. ते मुद्दाम सावकाश चावत राहिले, डोळे ट्रेमधल्या नाण्यांवर, आणि मग त्यांनी डोळे उचलून आईकडे बघितलं. आईने काही सुचवलं नाही. टूथपेस्टच्या वेळी ती जशी लगेच 'लाल' म्हणे, तसं काहीही म्हणाली नाही. हे मी पहिल्यांदाच बघितलं.

"हं," बाबा म्हणाले. आणि मग, घास गालात सरकवून, आणखी स्पष्ट, "येस. येस, आय ॲम कमिंग."

"स्वीट ॲज," ट्रेसीबाई म्हणाल्या, म्हणजे इथल्या भाषेत झकास. "सोमवारी कागदपत्रं पाठवते."

आईने रिसीव्हर जागेवर ठेवला. डोरीन थालीपिठाचा तुकडा हातात धरून एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत होत्या. बाबांनी घास गिळला, डोक्यावरची कानटोपी काढली, तिच्याकडे कुणा दुसऱ्याची असावी तसं बघितलं आणि ती ओव्हनच्या ट्रेमध्ये नाण्यांवर टाकली. आईने आतून दुसरं थालीपीठ आणून त्यांच्या ताटात वाढलं आणि समोर बसली.

"आता बोला," ती म्हणाली.

"बटर संपलं का?" बाबांनी विचारलं.